बाईंचं चांदीचं घुबड

बाईंची आणि माझी ओळख कचऱ्याच्या डब्यांवरून झाली. वॉलॉंगॉंगला आम्ही राहतो तो रस्ता डोंगराकडे चढत जातो. मागे हिरवा कडा, समोर उतारावरच्या छपरांपलीकडे समुद्र, आणि उजवीकडे लांबवर पोर्ट केंब्लाची धुरांडी. त्या धुरांड्यांखालच्या पोलाद कारखान्याच्या लॅबमध्ये मी नोकरी करते. पोलाद कुठे तडकलं आणि का तडकलं, हे मायक्रोस्कोपखाली बघून सांगायचं, हे माझं काम. एका सकाळी कामावर निघाले होते, तर दोन घरं सोडून राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई फुटपाथवर डब्याच्या झाकणाशी वाकून उभ्या होत्या.

"हे झाकण लाल आहे की पिवळं?" त्यांनी मला विचारलं.

"पिवळं."

"मग हा आत. आजची कचरागाडी लाल झाकणाच्या डब्यांची आहे." त्या सरळ झाल्या आणि माझ्याकडे वळल्या, पण बघितलं माझ्या कानाकडे. मला वाटलं कानात काहीतरी अडकलंय, म्हणून मी हात लावून पाहिला. त्यांच्या ते लक्षात आलं. "माझ्या नजरेचा मधला भाग गेलाय," त्या म्हणाल्या. "सरळ बघितलं तर तुझ्या जागी राखाडी ढग दिसतो. जरा बाजूला बघितलं की तू दिसतेस, निदान तुझी साडी दिसते."

मी साडी नेसले नव्हते. अंगात कारखान्याचा नारिंगी शर्ट होता. पण त्यांना नारिंगी दिसलं, आणि माझ्या बोलण्यावरून मी भारतातली हे कळलं, तेव्हा त्यांनी बाकीचं चित्र स्वतःच पुरं केलं होतं. मी तसं सांगितल्यावर त्या खूप हसल्या.

इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात, आणि मीही त्यांना तशीच मारते. पण मनातल्या मनात मी त्यांना पहिल्या दिवसापासून बाईच म्हणत आले. त्या आयुष्यभर मुलींच्या शाळेत प्राचीन इतिहास शिकवत होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी समोरचा माणूस अर्धवट उत्तर देऊन सुटत नसे, हे मला लवकरच कळलं.

मी धातूंचं काम करते हे समजल्यावर एकदा त्यांनी मला चहाला बोलावलं. शनिवारची दुपार होती. खिडकीशी टेबल होतं, आणि टेबलावर लाकडाचा एक पसरट ट्रे. ट्रेला गोल गोल खळगे पाडलेले, त्यांत हिरवी लोकरी फेल्ट, आणि प्रत्येक खळग्यात एक चांदीचं नाणं. डझनभर असतील. काही काळपट पडलेली, काही राखाडी, एकही पुरतं गोल नव्हतं.

"ग्रीक आहेत," बाई म्हणाल्या. "नवरा गेल्यावर मी प्रवास केला नाही, गाडी बदलली नाही, एकेक करून ही घेतली. आता इथल्या युनिव्हर्सिटीच्या म्युझियमला देऊन टाकायची आहेत. मला मूलबाळ नाही, आणि ड्रॉवरमध्ये बंद राहण्यासाठी ती कोणी केली नव्हती. पण देण्याआधी मला ती एकदा नीट बघायची आहेत. तुझे डोळे रोज बारीक बघतात. शनिवारी थोडा वेळ मला देशील?"

मी हो म्हटलं. मला नाण्यांतलं काही कळत नव्हतं. नवरा आठवडाभर सिडनीच्या ट्रेनमध्ये लॅपटॉप उघडून बसायचा आणि शनिवारी क्रिकेट बघायचा, मुलगी युनीत जाऊ लागल्यापासून घरी आली तरी घरात नसायची. दुपार रिकामी होती, एवढंच.

बाईंनी बोटांनी चाचपून एक नाणं उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "काय आहे?"

"खेकडा."

"ते मला माहीत आहे. मीच विकत घेतलंय. कसा खेकडा?"

मी खिशातलं भिंग काढलं. आणि मग मात्र मी ठाण्याच्या आमच्या स्वयंपाकघरात पोचले. माझी आई चिंबोऱ्या स्वतः साफ करायची, आणि आम्हा मुलींना शेजारी बसवून दाखवायची, नांगी कुठे धरायची, पाठ कुठून उचलायची. माझ्या हातात होती ती अगदी तशीच चिंबोरी होती. वरून बघितलेली, पाय दोन्हीकडे पसरलेले, शेवटचा पाय जरा आत मुडपलेला. नांग्या पुढे आलेल्या, त्यांच्या आतल्या कडेला बारीक दाते. पाठीच्या कवचावर खोलगट खुणा, इतक्या अचूक की अंगठ्याच्या नखाने तिथूनच कवच उचलावं.

मी हे सगळं बोलत गेले. बाई मान थोडी वळवून, डोळे मिटून ऐकत होत्या.

"या माणसाने चिंबोरी समोर ठेवून काम केलंय," मी म्हटलं. "बहुतेक जिवंत."

"असं का वाटतं?"

"मेली की पाय असे राहत नाहीत. सैल पडतात."

बाईंनी डोळे उघडले. "हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला नाणं उलटायला सांगितलं. मागे गरुड होता, पंख मिटून उभा. ते सिसिलीतल्या एका ग्रीक शहराचं नाणं होतं. गरुड देवांच्या राजाचा, आणि खेकडा तिथल्या नदीचा असावा, असं बाई म्हणाल्या. आकाशातला राजा एका बाजूला आणि गावच्या ओढ्यातला खेकडा दुसऱ्या बाजूला, दोघांना सारखीच जागा आणि सारखीच मेहनत. मला ते फार आवडलं.

मग दर शनिवारी दुपारी मी जाऊ लागले. एका दुपारी एकच नाणं, असा बाईंचा नियम होता. नाव आधी सांगायचं नाही, अर्थ लावायचा नाही, आधी दिसतं ते बोलायचं. मी "सुंदर आहे" असं म्हटलं की त्या गप्प बसायच्या आणि वाट बघायच्या. सुंदर म्हणजे काय, ते मला पुढे बोलावंच लागायचं.

एका नाण्यावर सातूचं कणीस होतं. दाण्यांच्या ओळी, आणि प्रत्येक दाण्यातून निघालेलं कुसळ नाण्याच्या कडेपर्यंत सरळ गेलेलं. दक्षिण इटलीतल्या एका शहराचं ते नाणं. तिथली जमीन सुपीक होती आणि त्यांनी आपली ओळख म्हणून पीकच निवडलं होतं, राजा नाही आणि किल्लाही नाही. नाणं उलटं केलं, तर मागे तेच कणीस, पण खोल. पुढे उंचवटा, तिथेच मागे खळगा.

"आमच्याकडे देवाचे टाक असतात, ते असेच," मी म्हणाले.

बाईंनी विचारलं, टाक म्हणजे काय. सांगून समजण्यासारखं नव्हतं. पुढच्या शनिवारी मी देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक रुमालात गुंडाळून घेऊन गेले. सासूबाईंनी लग्नात दिलेला, त्यांना त्यांच्या सासूकडून आलेला. चांदीचा पत्रा ठशावर दाबून काढलेला देव. बाईंनी आधी विचारलं, "मी हात लावला तर चालेल?" मी म्हटलं, चालेल. त्यांनी तर्जनीचं टोक टाकाच्या कडेवरून आत आणलं.

"घोडा आहे," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "धावतोय. वर माणूस. नाही, दोघं आहेत. मागची बाई आहे का?"

"त्याची बायको."

"खाली काहीतरी आहे. लहान. चार पाय."

"कुत्रा."

"चेहरे गेलेत."

"रोज आंघोळ घालतात. पुसतात. चिंच लावून उजळतात. पिढ्यान्‌पिढ्या."

बाई बराच वेळ त्या गुळगुळीत झालेल्या चेहऱ्यावर बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "माझी नाणी बाजारात झिजली आणि हा प्रेमाने झिजला. बोटाला फरक कळत नाही." त्यांनी टाक दोन्ही हातांनी परत दिला. तसं कोणी सांगितलं नव्हतं, तरी दोन्ही हातांनी दिला. मग शिक्षिका जागी झाली आणि त्यांनी माझी चूक सुधारली. टाकाला पत्रा आणि एक ठसा पुरतो, पण त्या कणसाच्या नाण्याला दोन ठसे लागायचे. खाली एक, वर एक, आणि दोन्हींवरची कणसं एकमेकांसमोर बरोबर यावी लागत. तापवलेली चांदीची चकती मधे, वरून घण.

हे ऐकल्यावर मला राहवेना. आमच्या वर्कशॉपमधून मऊ पोलादाचा एक टाकाऊ तुकडा विचारून घेतला, कोरायची हत्यारं आणली, आणि गॅरेजमध्ये बसून चिंबोरीचा ठसा कोरायला घेतला. डिग्री धातूशास्त्राची, नोकरी पोलादाची, तेव्हा हे जमायला हरकत नव्हती. पण ठशात सगळं उलटं कोरावं लागतं. जे वर यायचं ते खोल जातं, डावं ते उजवीकडे जातं. नांगीची गोलाई दाखवायची तर तेवढाच गोल खड्डा करायचा, आणि हात एकदा घसरला की घसरलाच, परत भरता येत नाही. कित्येक संध्याकाळी घालवून मी एक ठसा केला आणि शिशाच्या चकतीवर ठोकून बघितला.

बाईंनी ती चकती बोटांत फिरवली. "बटाटा आहे?" त्यांनी विचारलं.

"चिंबोरी आहे."

"मग हिला पाय कधी फुटणार?"

आम्ही दोघी हसलो, पण घरी येताना मी गंभीर झाले होते. माझ्याकडे लाइट होता, भिंग होतं, हवं तसं पोलाद होतं. त्या माणसाकडे बहुतेक खिडकीतला उजेड आणि स्वतःचे डोळे एवढंच होतं. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी जागा, आणि त्यात त्याने जिवंत प्राणी बसवला होता. हे करणाऱ्यांपैकी थोड्यांनीच आपलं नाव कुठेतरी बारीक अक्षरांत घातलं, बाकीच्यांचं काहीच राहिलं नाही. त्यानंतर मी कोणतंही नाणं हातात घेताना जरा थांबायचे.

सिसिलीतल्याच सिराक्यूज शहराचं नाणं मला सगळ्यांत कठीण गेलं. एका बाजूला झऱ्याच्या देवतेचं मस्तक, केस जाळीत बांधलेले, आणि तिच्याभोवती पोहणारे डॉल्फिन. मी डॉल्फिनांचं वर्णन करून झालं असं समजून थांबले, तर बाई म्हणाल्या, "ते पोहतायत कुठे?" मी परत पाहिलं. ते नाण्याच्या कडेने, एकामागे एक, गोल फिरत होते. आणि मग उमगलं की ती देवता एका बेटावर आहे आणि नाण्याची मोकळी चांदी म्हणजेच समुद्र. पाण्याची एक रेघही कोरलेली नव्हती. आमच्या किनाऱ्यावरही कधीमधी डॉल्फिन येतात. मी इतकी वर्षं ते पाहिले होते, पण त्यांची पाठ पाण्याबाहेर येताना कशी वाकते ते मला त्या नाण्याने दाखवलं. मागच्या बाजूला चार घोड्यांचा रथ होता. घोडे एकमेकांना झाकत होते, माना वेगवेगळ्या वळलेल्या, एकाने तर मान पार मागे टाकलेली. पायांचा नुसता गुंता, पण नीट बघितलं की प्रत्येक पाय आपापल्या घोड्याचा. वरून पंखांची विजयदेवता मुकुट घेऊन झेपावत होती. त्याच नाण्यावर रथाच्या चाकाजवळून कडेपर्यंत एक बारीक उंच रेघ होती.

"ही रेघ चित्रातली नाही," मी म्हटलं. "ठशाला तडा गेलाय. ठशातला तडा म्हणजे फट. तिच्यात चांदी शिरली आणि नाण्यावर उंच रेघ उमटली. तडा गेल्यावरही त्यांनी त्या ठशावर काम चालू ठेवलंय."

बाईंना तिचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी ती रेघ नखाने पुन्हा पुन्हा शोधली. वीस-पंचवीस वर्षं त्या तिला ओरखडा समजत होत्या.

पंखांच्या घोड्याचं एक नाणं होतं, कॉरिंथ या ग्रीक शहराचं. त्यावर आडवा खोल घाव होता, छिन्नीने मारलेला. मला वाईट वाटलं. बाई म्हणाल्या, "तो घावही जुनाच आहे. आत तांबं आहे की चांदी, हे बघायला कोणीतरी व्यापाऱ्याने तोडून पाहिलंय. तेव्हाही खोटी नाणी होती. वर चांदीचा मुलामा, आत तांबं." मी घावात भिंगाने पाहिलं. आतपर्यंत चांदी होती.

घुबडाचं नाणं त्यांनी शेवटी ठेवलं होतं. अथेन्सचं घुबड, बाकी काही माहीत नसलं तरी हे एक नाणं मीही कुठेतरी चित्रात पाहिलेलं. आमच्याकडे घुबड घरावर बसलं की बायका त्याला हुसकावतात, हे मी बाईंना सांगितलं, आणि लक्ष्मीचं वाहन घुबड असतं हेही सांगितलं. "म्हणजे तुम्ही त्याला हुसकावता आणि त्याच्या मालकिणीला बोलावता," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे ते अथेनाचं, शहाणपणाच्या देवतेचं.

हे नाणं त्यांनी विकत घेतलेलं नव्हतं. त्या निवृत्त झाल्या तेव्हा शेवटच्या वर्गातल्या मुलींनी सगळ्यांनी मिळून ते आणून दिलं होतं. कुठून आणलं, कसं आणलं, त्यांनी विचारलं नाही. "पोरींनी वर्षभर माझं घुबडाबद्दलचं बोलणं सहन केलं होतं," त्या म्हणाल्या. "हे युनीला द्यायचं म्हणजे जरा जड जातंय. पण सगळ्यांत आधी लोक हेच बघायला येतील. ते ठेवून घेऊन बाकीची देणं बरं दिसत नाही."

मी बघायला सुरुवात केली. बसलेलं घुबड, अंग बाजूने, चेहरा मात्र सरळ आपल्याकडे वळवलेला. दोन मोठे गोल डोळे. मागे ऑलिव्हची फांदी आणि छोटी चंद्रकोर, पुढे शहराच्या नावाची तीन अक्षरं. दुसऱ्या बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना, चेहरा बाजूने पण डोळा समोरून दिसावा तसा, बदामासारखा. मी बोलत होते, बाई ऐकत होत्या, आणि बोलता बोलता माझा आवाज मंदावला.

अक्षरांच्या कडा मऊ होत्या. झिजून मऊ नव्हत्या, साबणासारख्या मऊ. घण पडतो तेव्हा चांदी ठशात दाबली जाते आणि बाहेरच्या बाजूला सरकते, तिच्या सरकण्याच्या बारीक रेघा अक्षरांपासून कडेकडे गेलेल्या दिसतात. बाकीच्या सगळ्या नाण्यांवर त्या मला दिसल्या होत्या. इथे नव्हत्या. उलट घुबडाच्या पोटाशी, पिसांच्या ठिपक्यांमध्ये, अगदी लहान गोल छिद्रं होती. असली छिद्रं मी रोज बघते. वितळलेला धातू साच्यात ओतला आणि आत हवा अडकली की ती होतात. मी नाणं आडवं धरून कडा पाहिली. कडेच्या मधोमध एक रेघ होती, कानशीने घासून जवळजवळ पुसलेली. साच्याची दोन अर्धी जिथे जुळतात तिथली रेघ.

नाणं ठोकलेलं नव्हतं. ओतलेलं होतं. अथेन्समध्ये घुबडं ठोकत, हे बाईंनीच मला शिकवलं होतं.

मी त्या दिवशी वर्णन पुरं केलं आणि घरी आले. जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ऐंशीच्या पुढच्या बाईला हे सांगून काय मिळणार आहे? राहू दे ना." मुलगी नेमकी त्या आठवड्यात घरी होती. ती फोनवरून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, शी विल फाइंड आउट. म्युझियमवाले चेक करणारच." आणि तेच खरं होतं. म्युझियमची क्युरेटर येणार, नाणी बघणार, आणि चार लोकांसमोर बाईंना सांगणार. बाईंना तिचा चेहराही दिसणार नाही. शिवाय बाईंनी मला बघायला बोलावलं होतं. दिसलं ते सांगायचं, एवढाच आमचा करार होता.

पुढच्या शनिवारची वाट न बघता मी दुसऱ्या दिवशी दुपारीच गेले. बाई ओट्याशी उभ्या राहून ब्रेडला लोणी लावत होत्या.

"मला घुबड परत बघायचंय," मी म्हटलं.

"काल काहीतरी सांगायचं राहिलं तुझं," बाई म्हणाल्या. "तू मध्येच हळू बोलायला लागलीस. बस."

बाई ब्रेडची बशी आणि सुरी घेऊन आल्या आणि आम्ही खिडकीशी बसलो. मी सरळ सांगितलं की हे नाणं खोटं आहे असं मला वाटतं. बाईंचा हात लोण्याच्या सुरीवरच होता. त्यांनी सुरी बशीत ठेवली.

"वाटतं की खात्री आहे?"

"खात्री आहे."

"कशावरून?"

मी सांगितलं. त्यांनी मला घाई करू दिली नाही. छिद्रं म्हणजे काय, ती ओतकामात का होतात, ठोकलेल्या चांदीत का होत नाहीत, सरकण्याच्या रेघा कशा असतात, सगळं विचारलं. जमिनीत राहून खड्डे पडतात ते असे नसतात का, हेही विचारलं. मी म्हटलं, ते वेडेवाकडे असतात, हे गोल आहेत. मग मी नाणं त्यांच्या हातात दिलं आणि कडेवर त्यांचं नख धरलं. त्यांनी नख हळूहळू फिरवलं. एका जागी थांबल्या, मागे आल्या, परत पुढे गेल्या.

"आहे," त्या म्हणाल्या. "रेघ आहे."

त्या उठल्या आणि चहा ठेवायला गेल्या. मी मदतीला उठले, तर म्हणाल्या, "बस तू." किटलीचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेर कडुनिंबासारख्या दिसणाऱ्या त्यांच्या झाडावर पोपटांची भांडणं चालली होती. मला वाटत होतं, आपण उगीच आलो.

त्या कप घेऊन आल्या तेव्हा चेहरा शांत होता. "बाकीची?" त्यांनी विचारलं.

"बाकीची सगळी खरी वाटतात. ठोकलेली आहेत. मी एकेक पाहिलंय."

"माझी मी घेतलेली सगळी खरी निघाली आणि पोरींनी दिलेलं तेवढं खोटं. कसल्या फसल्या असतील बिचाऱ्या. कुठल्या दुकानात गेल्या असतील, काय काय विचारलं असेल त्या शहाण्यांनी, मी शिकवलेलं सगळं."

मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूच काहीतरी बदललं. त्यांनी घुबड मुठीत धरलं.

"म्हणजे हे म्युझियमला देता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"खोटं नाणं देणं बरोबर नाही."

"नाही."

"मग हे मला ठेवावंच लागेल."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्या कानाच्या दिशेने बघत होत्या आणि हसत होत्या. मला इतकं हलकं वाटलं की मी कपातला गरम चहा भराभर पिऊन टाकला.

नंतर थोड्या दिवसांनी क्युरेटर आली, तिशीतली, हसरी मुलगी. बाईंनी तिला आधी बसवलं, चिंबोरीचं नाणं तिच्या हातात दिलं आणि विचारलं, "काय दिसतं?" ती शिकलेली होती, शहराचं नाव, काळ, वजनाची पद्धत सगळं भराभर सांगून गेली. बाई गप्प बसून वाट बघत राहिल्या. मी कोपऱ्यात बसून त्या मुलीची अवस्था बघत होते, आणि मला तिची दया येत होती. शेवटी ती थांबली, तिने नाणं उजेडाकडे वळवलं, आणि म्हणाली, "याचा मागचा पाय थोडा आत वळलाय." बाईंनी मान डोलावली. त्यानंतर सगळी बोलणी सोपी झाली.

घुबडाचंही सगळं बाईंनी तिला स्वतः सांगितलं, आणि मी काय पाहिलं ते मला परत एकदा सांगायला लावलं. क्युरेटरने भिंगाने पाहिलं आणि माझ्याशी सहमत झाली.

नाणी काचेच्या कपाटात लागली त्या दिवशी युनीत छोटासा समारंभ होता. चीज, बिस्किटं, वाइन आणि बरेच जण उभे राहून बोलणारे. मी बाईंना गाडीने घेऊन गेले होते. कपाटात प्रत्येक नाण्याखाली आरसा लावला होता, त्यामुळे दोन्ही बाजू दिसत होत्या, आणि शेजारी नाण्याची ताटाएवढी मोठी नक्कल, हात लावून बघण्यासाठी. ती कल्पना क्युरेटरची. बाई कणसाच्या नकलेवरून हात फिरवत असताना एक पन्नाशीकडे झुकलेली स्त्री त्यांच्याजवळ आली. तिने आपलं नाव सांगितलं, आणि बाईंनी लगेच तिचा वर्ग, ती कुठल्या बाकावर बसायची, सगळं सांगितलं. ती त्या शेवटच्या वर्गातली होती. सिडनीहून मुद्दाम आली होती.

थोडं बोलून झाल्यावर ती कपाटाकडे वळली आणि परत आली. "मिस, आमचं घुबड दिसत नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पण ती शोधून आली होती हे कळत होतं.

बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि मूठ उघडली. घुबड तिथे होतं, खिशात राहून जरा उजळलेलं.

"ही सगळी मी विकत घेतली होती, म्हणून देता आली," त्या म्हणाल्या. "हे मला मिळालेलं आहे. हे मी कोणाला देणार नाही."

त्या विद्यार्थिनीने घुबडाला हात लावला नाही. तिने बाईंच्या उघड्या तळहाताखाली आपला हात धरला आणि तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाईंना ते दिसलं नसावं. पण त्यांनी दुसरा हात तिच्या मनगटावर ठेवला आणि विचारलं, "आता तू मला सांग, अथेनाचा डोळा समोरून का दिसतो? हे मी तुम्हाला शिकवलं होतं."

ती रडता रडता हसली आणि उत्तर देऊ लागली. उत्तर अर्धवट होतं. बाई वाट बघत राहिल्या. मी दोघींसाठी बिस्किटं आणायला गेले.